मातीनं प्यालेलं दूध

माझा जन्म खोडाळ्याचा, आयसबाप दुसऱ्याच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर नागली, म्हणजे तुमची नाचणी, पेरायचे, नि लगीन करून मी जव्हारला आली, राजाच्या गावात. राजाचा गाव म्हणून काय आमच्या खोपीवर सोन्याची कौलं होती का? कुडाचीच खोपी, गावाच्या कडेला, नि आम्ही नवराबायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो.

पहिला पोरगा झाला, काय सांगू तुम्हाला, असा गुटगुटीत. सासू बोलली, सुनेचा दूध पुरत नाय, नि तान्ह्यालाच नागलीची पेज पाजाय लागली. त्याला हगवण लागली, तो काय राहिला नाय. मंग सोमी झाली, तेव्हा मी बोलली, हिच्या तोंडात माझ्या दुधाबिगर काय जाणार नाय, पाण्याचा थेंब पण नाय. सासू बोलली, मोठी आली शहाणी! वाईट नव्हती हां सासू, जीव लावायची, पण तोंड म्हणजे तोफ.

दुपारी तीच सोमीला कडेवर घेऊन कामावर आणायची. तेव्हा आमच्यात रीत होती, उन्हातून आलेल्या बाईचा दूध तापलेला असतो, पोराला बाधेल, म्हणून आधी तो मातीत पिळून टाकायचा नि मंगच पोर छातीला लावायचा. सासू समोर बसून बघायची, अजून पिळ, अजून पिळ. मंग सोमी ओढायची, ओढायची, नि रडायची. गाल बसले पोरीचे. एक दिवस सासू बोलली, आज घरी पेज शिजवून आली मी, आता तुझा काय ऐकणार नाय. मी मनात बोलली, ही पण जाते आता.

तेवढ्यात आमची सुईणआजी वाटेनं आली, माझी दोन्ही बाळंतपणा तिनंच केलेली, हातात शेवग्याचा पाला. उभी राहून बघितला तिनं नि सासूला बोलली, काय गो, ही माती तुझी नात हाय का? सगळा दूध हिला पाजतेस नि पोरीला सांगतेस संपला! सासू बोलली, तापलेला दूध बाधतो, माझ्या सासूपासनं रीत हाय. सुईण मला बोलली, पिळ माझ्या हातावर. नि प्यायली हो, सगळ्या बायांसमोर! ओठ पुसून बोलली, गोड हाय. आता मी मेली तर खुशाल पेज पाज.

बाया हसून हसून लोळल्या. मी सोमीला तशीच पदराखाली घेतली, नि अशी प्यायली अशी प्यायली, दूध गालावरून वाहिला, नि पितापिताच झोपली. घरी गेल्यावर सासूनं ती पेज माझ्यापुढे ठेवली, बोलली, तूच पी गो, तुझ्यातून तिला जाऊं दे.

आता माझे दात गेले, सोमीलाच नातवंडा झाली. पण रोज ती मला पेज भरवते, पुढ्यात बसून बोलते, अजून पी आयस, अजून. मी पिते. सुखी राहो माझी पोर.