कुलूप बंद स्थितीत मिळून आले

दि. ११ सप्टेंबर २००३
पोलीस ठाणे, कोल्हापूर

नाव मल्लेश शिवलिंग हत्तरगी, वय २७ वर्षे, धंदा बोर्ड पेंटिंग, शिक्षण बारावी नापास, मूळ राहणार फुलेवाडी, सध्या राहणार उचगाव, ता. करवीर, भाड्याची खोली.

समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मंगळवार दि. ३ जून २००३ रोजी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी शाहूपुरीत एका दुकानाच्या पाटीवर अक्षरे भरत होतो. आमचे शेजारी कृष्णात यांचा कामगार सायकलवरून आला व घर पेटले आहे असे म्हणाला. मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवला व निघालो.

फुलेवाडीतील घर माझी आई रत्नव्वा हिच्या नावे आहे. दोन खोल्या, वर लाकडी वासे व कौले. घरावर पतसंस्थेचे कर्ज आहे. कर्जासाठी लागतो म्हणून घराचा विमा उतरवला होता. हप्ता दरवर्षी वेळेवर भरला आहे. घराच्या पूर्वेला कृष्णात यांचा गादी कारखाना आहे. मधली भिंत सामाईक आहे. आग प्रथम कारखान्यातील कापसाला लागली.

मी पोहोचलो तेव्हा बंब आलेला होता व पाणी वरून मारत होते. गल्लीतील दहा-बारा माणसे भरलेल्या बादल्या घेऊन आमच्या दारासमोर उभी होती. दाराला कुलूप होते. ते कोणी फोडले नव्हते. मी कृष्णात यांना कारण विचारले. ते म्हणाले, "धूर आमाला आदीच दिसलता. पर पंचकाचं कुलूप हाय ते, मल्लेश. फोडायला कुणाचाबी हात हुईना."

कुलूप का होते ते सांगतो. माझी पत्नी दानेश्वरी, वय २३, ही शनिवार दि. २९ मार्च २००३ रोजी सकाळी पावणेसात वाजता सदर घरात वारली. तिला कावीळ झाली होती. त्याआधी नऊ दिवस ती दवाखान्यात होती. २८ तारखेला संध्याकाळी, घरी जायचे आहे असे ती दोनदा म्हणाली, म्हणून डॉक्टरांना विचारून मी तिला रिक्षाने घरी आणले. ती पाच महिन्यांची गरोदर होती. विम्याच्या कागदात याचा रकाना नाही.

त्या दिवशी धनिष्ठा नक्षत्र होते. धनिष्ठा पंचकात घरात माणूस गेले तर ते घर सहा महिने बंद ठेवतात, आत दिवा लावत नाहीत व राहत नाहीत. दवाखान्यात मृत्यू झाला असता तर घर बंद करावे लागले नसते. आमच्या मठाच्या स्वामींनी सांगितले की, आपल्या लिंगायतांत सुतक नाही आणि पंचकही नाही, दार उघडे ठेवा. त्यावर कुरुंदवाडचे माझे मामा भरमाप्पा म्हणाले, "स्वामी मठात झोपत्यात. हितं आपली माणसं झोपायची हाईत." आई मामांच्या बाजूने झाली. दि. ३० मार्च रोजी दुपारी कुलूप लावले. किल्ली आईने पदराच्या गाठीला बांधली, ती आजही तेथेच आहे. तेव्हापासून आम्ही उचगावला राहतो.

दि. ४ जून रोजी पंचनामा झाला. वासे, कौले, दोन्ही खोल्यांतील सामान व दार पूर्ण जळालेले होते. कुलूप कडीकोयंड्यासह राखेत, बंद स्थितीत मिळून आले. पंचनाम्यात तसे लिहिले आहे.

दि. ९ जून रोजी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. घर किती दिवस बंद होते असे त्यांनी विचारले. मी उत्तर देण्याआधी आई म्हणाली, "सून गेली तवापासनं. सहा म्हयनं उघडायचं न्हाय." सर्व्हेअर चांगले बोलत होते. त्यांनी पाणी मागून घेतले व तारीख लिहून घेतली.

दि. १८ जुलैच्या पत्राने कंपनीने दावा नामंजूर केला. पत्र इंग्रजीत होते. पतसंस्थेतील क्लार्ककडून मी अर्थ समजून घेतला. घर सलग तीस दिवसांहून जास्त काळ रिकामे राहिले आणि कंपनीला कळवले नाही, तर विमा लागू राहत नाही. आमचे घर पासष्ट दिवस रिकामे होते. पॉलिसीच्या कागदात हे कलम आहे. मी तो कागद २००१ साली वाचायला घेतला होता, पण इंग्रजी फार पुढे गेले नाही. त्या तीस दिवसांच्या आत एक साधे पत्र दिले असते तर कदाचित चालले असते, असे क्लार्क म्हणाले. घर पंचकात बंद केले आहे हे विमा कंपनीला कळवायचे असते, हे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. मामांना, स्वामींना, गल्लीला, दूधवाल्याला कळवले होते.

दि. ४ ऑगस्ट रोजी विमा एजंट उन्मेष हे उचगावला आले. फेरविचारासाठी अर्ज करता येतो असे ते म्हणाले. पंचनाम्यात कुलूप आहे, पण ते कधीपासून आहे हे नाही. माणसे दिवसा कुलूप लावून कामाला जातातच. सर्व्हेअरला आईने घर जळाल्याच्या दुःखात काहीतरी सांगितले असे लिहू, असे त्यांचे म्हणणे पडले. मला म्हणाले, "मल्लेश, खोटं बोलायला कोण सांगतंय? घरात माणसं राहत होती, एवढी एकच ओळ." मी विचार करून सांगतो म्हणालो व त्यांना चहा आणायला खाली गेलो. त्यांनी घरात कोण कोण असते हे आईला विचारले. आईने रेशनकार्ड पुढे केले. कार्डावर तीन नावे आहेत. त्यांनी तिन्ही उतरून घेतली. नाव कमी करण्याचा अर्ज मी अद्याप दिलेला नाही.

मी चहा घेऊन आलो तेव्हा कागद पूर्ण झाला होता. आईला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचला. 'आगीच्या दिवसापर्यंत सदर घरात मी रत्नव्वा, मुलगा मल्लेश व सून दानेश्वरी असे तिघे राहत होतो.' आईने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. हे खरे नाही, हे खोडायला पाहिजे, असे मी म्हणालो. आई म्हणाली, "तिला घरात हाय म्हणून लिवलंय न्हवं तम्मा? ऱ्हाऊ दे की." आणि तिने अंगठा उठवला. शाई उन्मेष यांची होती. मी तिचा हात धरला नाही. साक्षीदार म्हणून पुढे कृष्णात यांनी सही केली. आग त्यांच्याकडून आल्यामुळे ते माझ्याकडे अजून सरळ बघत नाहीत.

कंपनीने महानगरपालिकेतून मृत्यूची नोंद काढली. मयत व्यक्तीला जिवंत दाखवून खोटा कागद दिला अशी आईविरुद्ध तक्रार दिली. त्यावरून मला आज बोलावले आहे. हवालदार आकाराम चौगुले यांनी माझे अक्षर बघून मलाच लिहायला सांगितले. लिहिण्याआधी ते म्हणाले, "बघ बाबा, हे एकदा कागदावर आलं की ग्राहक मंचात तुझं काय चालायचं न्हाय. घर गेलं समज." मी समजले म्हणालो. ते म्हणाले, "मग म्हातारीचं नाव कशाला? एजंटानं फसवलं म्हण, सुटशीला." उन्मेष यांनी तीन नावे रेशनकार्डावरून घेतली. दानेश्वरी वारल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. घर बंद होते हे मात्र त्यांना माहीत होते. जेवढे झाले तेवढे लिहिले आहे.

तरी माझे म्हणणे असे की, घर ३० मार्चपासून बंद होते. कंपनीने दावा नाकारला तो त्यांच्या कलमाप्रमाणे बरोबर आहे. दावा व फेरविचाराचा अर्ज आम्ही सोडून देतो. आईने अंगठा पैशासाठी उठवला नाही. तिच्यावर गुन्हा दाखल करू नये, अशी विनंती आहे.

आजपर्यंतचा खर्च: दवाखाना रु. ११,४५०. खोलीभाडे सहा महिन्यांचे रु. ३,६००. राडारोडा उचलण्याची मजुरी व ट्रॅक्टर रु. ४,२००. झेरॉक्स, टायपिंग, बसभाडे रु. ३८६. देणे: पतसंस्था रु. १,४७,३००, मामा भरमाप्पा रु. २०,०००. येणे काही नाही. २९ सप्टेंबरला सहा महिने पूर्ण होतात. त्या दिवशी घर उघडण्याच्या पूजेसाठी आईने रु. ५०१ डब्यात वेगळे ठेवले आहेत. ते खर्चात धरलेले नाहीत.

जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दानेश्वरी या नावाआधी 'मयत' हा शब्द कोठेही आलेला नाही, असे त्यांनी दाखवले. सर्व ठिकाणी तो आहे असे समजावे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
मल्लेश शिवलिंग हत्तरगी