लेझर म्हंजी लेझीम न्हवं

...न्हाय, पन मी म्हनते, हात न लावता मोजायचं कसं? तुमीच सांगा. दूध मोजायचं तर मापात वतावं लागतं, ऊस मोजायचा तर काट्यावर न्यावा लागतो, आन ही लेझर मशीनवाली अबोली म्याडम म्हनती, "आजी, आम्ही कारखान्याचा धूर मोजायला आलोय, इथूनच." चिमनी तिकडं कोसभर लांब, मशीनची गाडी हितं कळस गावात, आमच्या खळ्यात.

मुळात भांडन माझ्या कुरडयांचं. नातीचं, संस्कृतीचं लगीन ठरलंय, रुखवतात कुरडया मांडायच्या, आन गच्चीवर घातल्या की दुपारपातूर वर काळं ठिपकं. मागं विहीनबाई, राजलक्ष्मीबाई आल्या, एक कुरडई हातात धरून म्हनल्या, "तीळ घातलेत वाटतं?" तीळ... अशी लाज वाटली म्हनता. मी म्हनते ही काजळी साखर कारखान्याची. आन आमचं मालक, सावळाराम, पडले सभासद. त्यांचं आपलं एकच, "आपल्या कारखान्याला नावं ठिवू नगंस, त्यो रस्त्याचा धुराळा हाय." मंग आज ही गाडी दारात आली तशी पैज लागली. मशीननं कारखान्याचं नाव घेतलं, तर ह्यांनी जाऊन कारखान्याच्या साहेबाला सुनवायचं.

सकाळी ह्यांना फोन आला, लेझरवालं येत्यात. ह्यांनी ऐकलं लेझीमवालं. मंग काय, परगावची लेझीम येनार म्हनल्यावर आपली नको व्हय? हलगीसकट सगळं पथक आनून हुबं केलं खळ्यात.

मी आपली म्याडमला चिकटलेली. पन हात न लावता कसं वो? तर म्हनल्या, "आजी, गोठ्याच्या पत्र्याला भोक असलं की उन्हाची तिरीप येते, तिच्यात धूळ दिसते ना? तसंच. आमचा उजेड धुळीवर आपटून परत येतो. किती वेळात आला त्यावरून अंतर, किती आला त्यावरून धूळ." आन वायूला म्हनं दोन रंगाचा उजेड, एक रंग वायू खातो, दुसऱ्याला त्वांड लावत न्हाय. हे मला झटक्यात कळलं. दूध आन ठेचा शेजारी ठिवला, दूध कमी, ठेचा तसाच, म्हंजी मांजर येऊन गेलं. मांजराला तरी कुठं हात लावला आपन?

तेवढ्यात मशीनचा पडदा लालभडक, म्हंजी धूळच धूळ. मी हरखले. म्याडम म्हनल्या, "आजी, हे चिमणीचं नाही, हे इथलंच आहे." बघते तर पथक रंगात आलेलं, मधी आमचं मालक, आन खळ्याचा धुराळा त्यांच्या टोपीपातूर. वर मलाच वरडून सांगत्यात, "बघ, म्हनलं न्हवतं? धुराळाच हाय."

हलगी बंद केली. धुराळा बसला, चहा झाला, परत उजेड सोडला. आन बघा, चिमनीपासनं लाल पट्टा निघाला त्यो सरळ आमच्या गच्चीपातूर. मला मालकांचं वाईटच वाटलं जरा, कारखाना म्हंजी त्यांचा जीव. पन शब्दाला जागले, फटफटीवर बसून गेले, साहेबाला बोलले. साहेब म्हनला, "बघू, पुढच्या हंगामाला चिमणीला जाळी बसवू."

पुढचा हंगाम. लगीन ह्या महिन्यात.

म्हनलं, आता ह्या कुरडया रुखवतात मांडू कशा? तर मालक टोपी झटकत म्हनले, "मांड बिनधास्त. दिवाळीच्या साखरेला सभासद असून रांगेत हुबं ऱ्हावं लागतं. ही काजळी तेवढी घरपोच येती."