नऊ राग अन् दहावी तारीख

...पाच मिनिटं बोला म्हणे. आता तुमीच सांगा, ज्या माणसासोबत अठ्ठावीस वर्षं एकाच कोर्टात समोरासमोर उभं राहून भांडलो, त्याच्याबद्दल पाच मिनिटात काय बोलावं? अन् तेही शोकसभेत, जिथं गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलता येत नाही, अन् चांगलं बोलावं तं माह्यासारख्या आरोपीच्या वकिलाच्या तोंडून लोकाले खरं वाटत नाही. पण रोहितचा फोन आला, रोहित म्हणजे आमच्या मधुकरराव कोहळेंचा पोरगा, "भैयाजी काका, रविवारी सकाळी नागपूरच्या हुडकेश्वरले आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पप्पांची शोकसभा ठेवली, तुमी तं पप्पांचे सगळ्यात जुने मित्र, बस पाच मिनिटं बोला." मित्र म्हणे. नाही कसं म्हणावं गा अशा वेळी? गेलो.

तुमाले सांगतो, मधुकरराव म्हणजे आमच्या तालुक्याच्या कोर्टातले सरकारी वकील, अन् सरळ किती, तं दुसऱ्याचा चहा घेत नव्हते. दुसऱ्याचा म्हणजे कोणाचाच नाही. घरून थर्मास आणत, झाकणात ओतत, एकटेच पीत. मी एक डाव नुसती सुपारी पुढं केली तं असे मागं सरकले जसा मी त्यायले विंचू दाखवला. त्या माणसाले नाद एकच, गाण्याचा. कोर्टात बसल्या बसल्या टेबलावर बोटं चालू. साक्षीदार तिकडं सांगून राह्यला, "साहेब, मी विहिरीवर होतो, आवाज आला म्हणून धावलो," अन् इकडं साहेबाचा झपताल. एका जजसाहेबानं चष्मा खाली करून विचारलं बी, "मिस्टर कोहळे, हे काय चाललंय?" तं उभे राहून म्हणते कसे, "माफी असावी साहेब, सम आली होती." सारं कोर्ट हासलं, जजसाहेब बी हासले, मी बी हासलो. मले गाण्यातलं ओ की ठो समजत नाही, पण हासायले काय लागते?

तं मी हॉलवर पोचलो. दारातच हा एवढा मोठा फ्लेक्स. मधुकररावांचा फोटो, हार, अन् बाजूले त्यायच्याच हातच्या लिखाणाचा एक कागद मोठा करून छापलेला. रोहित मले हात धरून तिथं घेऊन गेला. "काका, हे पाहा, पप्पांच्या डायरीत सापडलं. त्यायनं ऐकलेल्या मैफिलींची यादी हाये. तारीख अन् राग. गुंजन म्हणाली, हेच छापू, याच्याहून मोठी आठवण कोणती?" गुंजन म्हणजे त्याची बायको, मोठी गुणी पोरगी, तिचा काय दोष? मी चष्मा लावला. एकोणीस जानेवारी, पूरिया धनाश्री. सोळा फेब्रुवारी, मुलतानी. बावीस मार्च, मारवा. अशा नऊ तारखा, नऊ राग. अन् दहावी तारीख... तिच्यापुढं काहीच नाही. कोरं.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं ना बाप्पा. काहून म्हणाल, तं वकील माणूस बायकोचा वाढदिवस विसरते, पोराची इयत्ता विसरते, पण केसची तारीख विसरत नाही. ती यादी मैफिलींची नव्हती. ती माह्या केसच्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या तारखांच्या नोंदीची, नक्कल होती. अन् तो रोहित बाजूले उभा राहून विचारते, "काका, दहाव्या तारखेचा राग पप्पा लिहायले विसरले वाटते. तुमाले तं माहीत असन, सांगा ना, भरून टाकू."

आता असं झाल्यावर पाच मिनिटं बोला म्हणे. काय बोलावं?

केस अशी होती. खाप्याकडची यमुताई, साठीची बाई. वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं अन् तिच्या जेठाच्या, थोरल्या दिराच्या, पोरानं, महादेवरावानं, तिच्या नवऱ्याचा पाय कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला. म्हातारा खाटेले लागला तो लागलाच. पाहणारी एकटी यमुताई, बाकी सारं वावर रिकामं. अन् महादेवराव माहा पक्षकार. आता अशा केसमध्ये आरोपीचा वकील काय करते? वेळ काढते. बाई थकली पायजे. आमच्या धंद्यात याले पाप नाही म्हणत, याले प्रॅक्टिस म्हणते. पण मधुकरराव असे आडवे, की पहिल्याच दिवशी मी मुदत मागितली तं कडाडले, "साहेब, बाई खाप्यावरून दोन बसा बदलून आली आहे, नवरा अंथरुणावर आहे, सरकार पक्षाची सक्त हरकत आहे." माहा अर्ज नामंजूर. ते तं जजसाहेबाले त्या दिवशी वेळ नव्हता म्हणून मी वाचलो. ती तारीख त्या यादीत नाही, ती जजसाहेबाच्या नावावर.

मंग मी डोकं लावलं. पेपरात ते पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमांच्या जाहिराती येते ना, नागपुरात कुठं काय, ते वाचायले लागलो. ज्या दिवशी मोठं गाणं, त्याच दिवसाची तारीख मागून घ्यायची, "साहेब, एकोणीस ठेवा, एकोणीस सोयीची हाये." अन् एकोणीसले सकाळी व्हरांड्यात सहज म्हणायचं, "साहेब, आज नागपूरले गाणं हाये म्हणते मोठं." बस. एवढंच. तिकीट ते सोताच्या पैशानं काढत, मी काही दिलं नाही, त्यायनं काही घेतलं नाही, पुस्तक उघडून पाहा, यात कोणतं कलम लागते? गाणं संध्याकाळचं, पण साहेबाले पहिल्या रांगेतली खुर्ची पायजे, म्हणजे बाराची बस धरा. घड्याळ पाहत. यमुताईकडं पाहत. पुन्हा घड्याळ. अन् मंग माह्याकडं वळून, अगदी हळू आवाजात, "भैयाजी, तुमची तब्येत बरी दिसत नाही आज."

मी म्हणायचो, "हो साहेब, सकाळपासून कसंसंच होऊन राह्यलं."

अर्ज माहा, अन् "सरकार पक्षाची हरकत नाही" हे मधुकररावांचं. दर वेळी तब्येत कशी चालन? मंग मावशी मेली. त्या एका केसपायी माही मावशी तीन डाव मेली, अन् ती आज बी धडधाकट हाये, ब्याऐंशी वर्षांची, परवाच फोनवर म्हणे, "भैया, येऊन जा रे एखाद्या दिवशी." हासा, हासा. मी बी हासायचो. बार रूममध्ये हा किस्सा सांगून मी कितीकाले हासवलं.

अन् यमुताई? ती पायऱ्यांजवळ बसायची, फडक्यात भाकर बांधून. बाहेर आलो की विचारायची, "झालं का वकीलसाहेब?" मी आरोपीचा वकील हे बी तिले नीट माहीत नसन, काळा कोट दिसला की विचारायची. मी म्हणायचो, "तारीख झाली बाई, पुढच्या महिन्यात." ती म्हणायची, "बरं." चिडली असती तं बरं झालं असतं गा. दोन शिव्या दिल्या असत्या तं मी घरी जाऊन जेवलो असतो अन् विसरलो असतो. नऊ डाव "बरं" म्हणाली ती बाई.

दहाव्या तारखेले नागपुरात गाणं नव्हतं. मी पेपर दोन डाव पाह्यला. बाई पिंजऱ्यात उभी राह्यली. मधुकररावानं विचारलं, "आरोपीला ओळखता?" म्हणे, "ओळखते ना, जेठाचा पोरगा हाये." "त्या दिवशी काय झालं ते कोर्टाला सांगा." बाईनं जजसाहेबाकडं नाही पाह्यलं, महादेवरावाकडं नाही पाह्यलं. मधुकररावाकडं पाह्यलं अन् म्हणे, "मले काई आठवत नाही साहेब. आता अजून तारीख नका देऊ. माह्या घरचा माणूस खाटेवर एकटा राह्यते, मी आली की त्याले पाणी द्यायले बी कोणी नसते."

आता साक्षीदार फितूर झाला तं सरकारी वकिलानं काय करावं? उलटतपासणी घ्यावी, फाडून काढावं, हे बारावीतल्या पोराले बी माहीत हाये. मधुकरराव उभे राह्यले. बोटं टेबलावर होती, पण हालत नव्हती. जजसाहेब म्हणाले, "मिस्टर कोहळे?" तं म्हणे, "काही विचारायचं नाही." अन् खाली बसले. महादेवराव निर्दोष सुटला. त्यानं पेढे आणले. मी खाल्ले, एक नाही, दोन खाल्ले.

त्याच दिवशी ते बार रूममध्ये आले. माह्याकडून केसची फाईल मागून घेतली, बाकड्यावर बसले, अन् रोजनाम्यातून एक एक तारीख उतरवत गेले. मले वाटलं, अपील करून राह्यले. नंतर दोन वर्षांनी नागपूरले खरंच मोठं गाणं होतं, अन् माही कोणतीच केस नव्हती, आईची शप्पथ नव्हती, मी नुसता फोन केला, "साहेब, चला, मी घेऊन जातो गाडीनं." त्यायनं गाण्याचा दिवस विचारला, मी सांगितला. मंग म्हणे, "भैयाजी, त्या दिवशी कोणाची तारीख आहे?"

मी फोन ठेवून देला. त्यायच्या घरी पुन्हा गाणं वाजलं नाही. अन् परवा शोकसभेत एक एक जण उठून काय सांगते? "कर्तव्यापुढे त्यांनी संगीताचाही त्याग केला." माह्या आधीचे चार जण हेच बोलले. मंग अध्यक्ष म्हणाले, "आता आपले भैयाजी, सर्वांचे लाडके, पाच मिनिटं बोलतील."

अन् मी बोललो. सारं बोललो. पेपरातला कार्यक्रम, व्हरांडा, मावशी, यमुताई, दहावी तारीख, पेढे, सारं. पाच नाही, पंचवीस मिनिटं बोललो. मावशीपाशी लोक हासले, मंग हासणं थांबलं, अन् शेवटी मी म्हणलं, "रोहित, बाबू, ती मैफिलींची यादी नाही. तुह्या बापानं सोताचं आरोपपत्र लिहिलं होतं, अन् त्यात माहं नाव टाकायचं राहून गेलं." मले वाटलं, आता हॉलमधून बाहेर काढते मले. वकिलीची सनद गेली तं जाऊ दे म्हणलं.

तं टाळ्या! शोकसभेत टाळ्या वाजल्या गा. रोहित रडत आला, गळ्यात पडला, म्हणे, "काका, तुमी नसतं सांगितलं तं पप्पा किती मोठे होते हे आमाले कळलंच नसतं." अध्यक्षांनी माइक हाती घेतला, म्हणे, "मित्रहो, एका साक्षीदारासाठी आयुष्यभराचं गाणं सोडणारा सरकारी वकील, आणि एवढ्या धैर्यानं कबुली देणारे आपले भैयाजी. दहावा राग म्हणजे करुणा." अन् गुंजनने खरंच मार्कर आणला अन् त्या कोऱ्या ओळीत लिहून टाकलं. करुणा म्हणे. मंग दोन मिनिटं उभं राहून मौन, मंग पोहे अन् चहा. तीन ज्युनिअर वकील माह्या पाया पडले. पोह्याच्या रांगेत एकानं बी विचारलं नाही की त्या बाईचं मंग काय झालं. ती हाये. खाप्याले हाये. म्हातारा गेला, ती हाये. इथून दीड तासाची वाट.

अडतीस वर्षं झाली, मी लोकाले सोडवून राह्यलो. परवा पहिल्या डाव सोताच उभा राह्यलो, सोताच्या तोंडानं गुन्हा कबूल केला, दोनशे माणसासमोर... तरी सुटलो. सुटणारच ना गा? साक्षीदाराले कोणी बोलावलंच नव्हतं.