दुभाजकावरची कनेर

माहं माहेर हिवरखेडाकडचं, तिकडं काळी जमीन, इहिरीले पानी, अन मले देलं नांदगाव खंडेश्वराच्या इकडं, बरडावर. बरड म्हंजे काय सांगू तुमाले बाई, टिकास मारला का ठिनगी निंघते, तूर पेरली तं गुडघ्याएवढी होते अन तिथंच थांबते. सासरा म्हने, जमीन अशीच हाये, मानसं चांगली हायेत. मानसं चांगलीच होती, खोटं काहून बोलू. दोन वर्सांनी धाकट्या दिराचं लग्न झालं, गजाननचं, अन वंदना आली, माही जाऊ. तिले उन्हाचं काई वाटेच नाई, भर दुपारी अनवानी अंगनात जाये. मी म्हनो, पाय भाजतीन वंदे, तं म्हने भाजू द्या ताई, पायाले काय कुठं दाखवाले न्यायचं हाये.

मंग तो मोठा रस्ता झाला. आमच्या गावापासून पायी अर्धा घंटा. झाला तं मधल्या पट्ट्यात झाडं लावाले बाया पायजे होत्या, आमी दोघी गेलो. दुभाजक म्हनतात त्याले. वरून माती दिसे, पन खाली सारा मुरूम, गिट्टी, डांबराचे गोळे, जे उरलं ते त्याच्यातच ढकललं होतं. आधी जास्वंद लावून पायली, जळाली. दुसरं काई लावलं, तेही गेलं. मंग कनेर आनली. कनेरीले काई लागत नाई बाई. आठ दिसांनी पानी देलं तरी चालते, ढोर तोंड लावत नाई, धूर खाते, गाड्यांचा वारा खाते, अन वैशाखात बाकी सारं वाळलं का हे आपली गुलाबी फुलं घिऊन उभी. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यावर येऊ देत नाई, म्हनून मुद्दाम लावतात. टँकर हळूहळू चाले, आमी पाईप धरून मागं मागं. झाडं डोक्याएवढी झाली का मंग कटाई.

कनेरीचा चीक माह्या हाताले चालत नाई, फोड येतात. म्हनून झेंडी माह्याकडं. लाल झेंडी घिऊन येनाऱ्या गाड्यांच्या समोर उभं रायचं, मागं बाया कटाई करतात हे दाखवाचं, एवढंच काम. वंदना कात्री चालवे.

त्या दिवशी अकरा वाजले असतीन. दुसऱ्या दिवशी साहेब लोकांची पाहनी होती अन झाडं लय वाढली होती. ठेकेदाराचा सुपरवायझर आला, म्हने शोभाबाई, झेंडी ठेवा अन तुमीबी कात्री घ्या, आज पुरं झालं पायजे. मी ठेवली. वाऱ्यानं उडू नाई म्हनून तिच्यावर दगड ठेवला अन कटाईले लागली. वंदना माह्याकडं पाहून काई बोलली, मी म्हटलं चुप, काम कर. मंग गाडी आली. पांढरी होती. ब्रेकचा आवाज मले ऐकूच आला नाई, आजपर्यंत आठवत नाई. लोकं पळाले, मीबी गेली, अन कात्री माह्या हातातच होती. कोनीतरी माही बोटं एकएक करून सोडवली. वंदनेले अमरावतीले नेलं, पन नेलं म्हनाले नेलं.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझर घरी आला, छापलेला कागद घिऊन. लिवलं होतं का वंदनाबाई काम सोडून आपल्या मनानं रस्ता ओलांडत होत्या, झेंडी जागेवर होती. म्हने सही करा. मी पाहत रायली तं म्हने, झेंडी कोनाकडं होती शोभाबाई? माह्याकडंच होती. मी सातवी शिकलेली हावो, वाचता येते मले. वाचलं अन सही केली.

गजानन संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. म्हने वहिनी, झेंडी तुमच्या हातात होती ना? मी म्हटलं हो. तो म्हने मंग ठीक हाये, अन उठून बैलाले पानी दाखवाले गेला. कागदावर तिचीच चूक झाली, तं तिच्या मानसाले, पोरीले कोनी काई देलं नाई.

तेरवी झाली अन मी कामावर गेली, त्याच जागी, त्याच कनेरीले पानी टाकलं. मले काईच वाटलं नाई. पानी पडे, टँकर सरके, मी सरको. गजानन अकोल्याले दालमिलवर गेला. त्याची पोरगी कोमल पाचवीत होती, ते माह्याजवळ रायली. मले लेकरू नाई. डबा देला, येन्या घातल्या, तापात रातभर बसली. ते मले मोठाई म्हने.

औंदा बारावी पास झाली. पालक निवडता निवडता म्हने, मोठाई, मले रस्त्याच्या कामावर लावून द्या ना, दोन महिने. मी म्हटलं नाई. काहून नाई? मंग मी सांगतलं. झेंडी, दगड, कागद, सही, सारं सांगतलं, रडली नाई. तिनं एकच इचारलं, तुमी झेंडी ठेवली ते आईनं पायलं का? म्हटलं पायलं. काई म्हने का? म्हटलं हो, म्हने ताई, तुमाले चीक चालत नाई, तुमी काहून आल्या. पोरीनं भाजी पुरी निवडली, देठं उचलून बाहेर टाकली, मंग बापाले फोन लावला.

गजानन आला, चहा घेतला नाई. म्हने वहिनी, तवाच सांगतलं असतं तं त्या सुपरवायझरची गचांडी धरली असती. मी म्हटलं, आता लिवून देतो, चाला. गेलो आमी दोघं रस्त्याच्या कचेरीत. तिथले म्हने, तो ठेकेदार गेला, दुसरा आला, जुने कागद आमच्याकडं नाई. मी तरी लिवून देलं. घेतलं त्याईनं, ठेवलं फायलीत. गजानन फाटकाबाहेर आला, म्हने जातो, अन कोमलले अकोल्याले घिऊन गेला.

आता फोन माह्या घरधन्याले येते तिचा. ते इचारतात, मोठाईले देऊ का? तं म्हनते, नाई, जेवली का तेवढं इचारा. मी चुलीपासून म्हनतो, जेवली म्हना. न जेवलेली असली तरी म्हनतो. चांगली राहो बाप्पा पोरगी, शिको, माहं काई म्हननं नाई.