सोळा घरांचं एकमत

माझा जन्म मिरजेचा. वडील दवाखान्यात कंपाउंडर, पण मला त्यांनी नन्सच्या शाळेत घातलं आणि मी पुढे सांगलीत तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं. वाचल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, हे मी दरवर्षी प्रत्येक वर्गाला बजावायची. तुमचे आजोबा गेल्यावर तुमच्या बाबाने मला इथे जपानात, उरायासुला आणलं. आता मला लिहवत नाही, म्हणून मी सांगते आणि तुमची आई उतरवून घेते आहे.

रेवा, ईशान, तुम्ही परवा इंग्लंडहून तुमच्या गल्लीचा फोटो पाठवलात, लाल विटा, गुलाब, काळे दिव्याचे खांब, आणि मी म्हटलं, अगोबाई, ही तर आपलीच गल्ली. आपली सोळा घरं बिल्डरने इंग्रजी थाटाची म्हणूनच विकली होती. विटा वरवर चिकटवलेल्या आणि खाली समुद्रात भराव टाकून केलेली जमीन. काय सांगू तुम्हाला, भूकंपात त्या जमिनीचा चिखल झाला, अंगणातून काळी रेती उसळली, खांब दारू प्यायल्यासारखे कलले, पलीकडच्या साइतो-सानचं घर एका अंगाने खचलं. नळ बंद. तेव्हा शेजारचे ओगावा-सान, सत्तरीचा माणूस, टँकरच्या रांगेत उभं राहून रोज आपल्यासाठीही पाणी आणायचे आणि मी त्यांना वाटीभर शंकरपाळे द्यायची. भाषा नव्हतीच आमच्यात.

मग कळलं, नगरपालिकेकडून जमीन घट्ट करून मिळते, पण सोळाच्या सोळा घरांची संमती हवी. पंधरांनी दिली. ओगावा-सान नाही म्हणाले, कारण त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली, यंत्रांचा दणका तिला सोसवला नसता. झालं. कमरेत वाकून नमस्कार करणारी तीच माणसं, पण ओगावा-सानच्या खिडकीवर दगड आला, गुलाब मुळासकट उपटले, दारात कुजकी मासळी पडली. साइतो-सान गल्लीचे प्रमुख, ते हसत बाबाला म्हणाले, म्हातारी मेली की प्रश्न सुटेल. बाबाने घरी येऊन ते मला सांगितलं आणि तो जेवायला बसला.

सूचनांची फळी घरोघर फिरते, ठाऊक आहे तुम्हाला, वाचायचं, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. मला जपानी वाचता येत नाही. बाबाने सांगून ठेवलेलं, आई, तू नुसता शिक्का मार आणि पुढे दे. त्या दिवशी मी शिक्का मारला, वर शंकरपाळ्यांची वाटी ठेवली आणि नेहमीसारखी हसून ओगावा-सानच्या हातात दिली. कागदावर काय होतं ते मला नंतर कळलं, ओगावा कुटुंबाने गल्ली सोडावी, अशी आम्हा सर्वांची मागणी आहे. आणि वर एक ओळ होती, ही फळी त्यांच्या घरी देऊ नये.

त्यांनी वाचलं. वाटी माझ्या पायाशी फुटली. चिखल उपसायचं फावडं उचलून ते सरळ साइतो-सानच्या दारात गेले आणि पहिला घाव त्यांच्या खांद्यावर घातला. साइतो-सानने कावळ्यांपासून कचरा झाकायच्या जाळीचा बांबू हाणला, ओगावा-सानचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी ते मारतच होते. मी धावले, त्यांचा दंड धरला, नको, नको, मराठीतच ओरडत होते. त्यांनी वळून मला ओळखलं, हे मी नक्की सांगते. एकच शब्द म्हणाले, हांको, म्हणजे शिक्का. आणि फावडं माझ्या उजव्या मनगटावर आलं.

तुम्हाला सांगितलं, आजी जिन्यावरून पडली. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, नाहीतर गल्लीची अब्रू गेली असती. सोळा घरांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर, आणि त्यात मीही होते.

जमीन अजून तशीच पोकळ आहे. ओगावा-सानची बायको दोन वर्षांनी गेली, तोवर संमतीची मुदत संपली होती. फळी येते, तुमची आई ओळ न् ओळ वाचून दाखवते, मी डाव्या हाताने शिक्का मारते आणि मीच शेजारी नेते. ते मान खाली घालून दोन्ही हातांनी घेतात, माझ्या मनगटाकडे बघत नाहीत. गेल्या आठवड्यात, इतक्या वर्षांनी, मी फळीवर पुन्हा वाटी ठेवली. त्यांनी ती आत नेली. रिकामी अजून परत आलेली नाही. मी मागणार नाही.

तुम्ही सुखात राहा बाळांनो, आणि शेजाऱ्याच्या दारात काही न्याल, तर आधी वाचून न्या.