उरलेली गरमी

आदिलाबादच्या बसस्टँडवर मी बेला गावाला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी कॉलेजची परीक्षा देऊन आलेली पोरगी आणि तिला घरी न्यायला आलेली आई बसल्या होत्या.

"काऊन चुप हाय वं, विमल? प्रॅक्टिकल बिघडलं का?"

"नाई. अ‍ॅसिडमंदी कॉस्टिक सोडा टाकून किती गरमी निघते, ते मोजलं. पुस्तकातल्यापेक्षा कमी भरली."

"मंग?"

"बाकीच्यायनं पुस्तकातलाच आकडा लिवला. मी दिसला तो लिवला. सर म्हणे, उरलेली गरमी कुठं गेली?"

"कुठं गेली?"

"भांड्यानं घेतली. अ‍ॅसिड अन् सोडा एकमेकाले भिडले का दोघायचाबी जोर जाते, नुसतं खारं पाणी उरते. पण भांडं तापते."

"भांड्याचं कोन मोजते?"

"मोजा लागते, माय. नाई तं हिशोब चुकते."

"काल तुह्या कॉलेजावरून तुह्या बाबाचं अन् आबाजीचं, बापलेकाचं, वाजलं. आज सकाळी दोघं सोबत बसून च्या पेले."

"बरं झालं. थंडे झाले."

"हो. दोघंबी थंडे झाले."

पोरगी आईकडे वळली.

"अन् तू, माय? तू काल जेवली होती का?"

"गाडी लागली. थैली घे."