उजवीकडचा लाईट

वही बघून सांगते, म्हणजे चूक व्हायची नाय. वार रविवार, गौरी जेवायचा दिवस, दुपारचे तीन. ठिकाण माझं माहेर, धरमतरच्या खाडीकडचं घर, माजघर. हजर लिहून घ्या. मध्ये खुर्चीवर आये. कॅमेऱ्यातून बघताना तिच्या डावीकडे भास्करदादा, माझा थोरला भाऊ, मागे वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मोठीचा नवरा. उजवीकडे बाळ्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ, त्याची बायको सुनीता आणि त्यांची मुलगी. आणि आये नि दादा यांच्यामध्ये एक जागा रिकामी, ती माझी, वनिताची, कारण आधी कॅमेऱ्यामागे मी आणि मग पळत जाऊन त्या जागेत मी. एकूण दहा. माहेरच्यांत गैरहजर कोणी नाय. हे शेवटचं मी वहीत दोन रेघा ओढून लिहिलंय, कारण सात वर्षांत आमच्या घरात ते लिहिता आलं नव्हतं.

मी मिठागरावरची. बाबा मिठागरात, आये डोक्यावरून मीठ वाहायला, आणि आम्ही तिघं भावंडं बांधावर. बाबांच्या पायाला आणि हाताला कायम पांढरी खपली असायची, कितीही धुतलं तरी. आमच्या लहानपणी घरात फोटो नव्हता. एकही नाय. बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा चेहरा कुठून आणायचा हा प्रश्न पडला, तर मिठागराच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करून घेतला, त्यात बाबा आहेत असं आम्हीच एकमेकांना सांगायचं. आयेच्या मनात ते तेव्हापासून बसलं होतं. तिचं एकच म्हणणं, मी जायच्या आधी तुमचा सगळ्यांचा माझ्याबरोबर एक फोटू व्हायला पाहिजे, आणि तो मोबायलातला नको, भिंतीवरचा पाहिजे.

लग्न होऊन मी रोह्याला आले. आमच्या ह्यांचा स्टेशनकडे स्टुडिओ होता, एक खोली, मागे पडदा, दोन मोठे लाईट. मी आधी फक्त नावं लिहून घ्यायची. ह्यांची पद्धत होती, कुटुंबाचा फोटो असला की आधी हजेरी घ्यायची, कोण कुठे उभा, कोण आलेला नाय, आणि जो आलेला नाय त्याची जागा सोडायची. कोणाचा मुलगा बोटीवर असायचा, कोणाचा आखातात. तो सुट्टीवर आला की त्याला एकट्याला त्याच उंचीवर, त्याच बाजूच्या लाईटमध्ये काढायचं आणि त्या जागेत बसवायचं. म्हणून वहीत लाईटची उंची, अंतर, बाजू, सगळं लिहायचं. लाईट जुळला नाय तर माणूस चिकटवलेला दिसतो, जुळला तर घरची माणसंसुद्धा विसरतात की तो त्या दिवशी नव्हता. मी किती घरांतली माणसं अशी भरून दिली, काय सांगू तुम्हाला.

मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला, आणि ह्यांची नजर साखरेने गेली, दोन्ही एकाच सुमाराला. स्टुडिओ बंद केला. मोठे लाईट भंगारवाल्यानेसुद्धा नाइलाजाने नेले. मी ठरवलं, लोक स्टुडिओत येत नाय तर आपण घरोघर जायचं, रोह्यापासून पेणच्या पुढेपर्यंत, गाडीने पेण, जिते, जिथे बोलावतील तिथे. सणाला सगळी माणसं गावी येतात, तेव्हा तरी एक नीट फोटो घ्यावासा वाटतो काही घरांना. पण आमच्याकडची माजघरं अंधारी, आणि सणाला बाहेर पाऊस. लाईट न्यायलाच पाहिजे, आणि तो माझ्या एका खांद्याला पेलला पाहिजे.

मी कागद घेऊन बसले. काय नको ते आधी लिहिलं. प्लगवर चालणारं नको, गौरी-गणपतीत वीज जाणार हे धरूनच चालायचं. बॅटरीवाला मोठा लाईट येतो, तो उत्तम, पण तो आमच्यासारख्यांनी दुकानाबाहेरून बघायचा. कॅमेऱ्यावर बसवायचा छोटा फ्लॅश परवडतो, पण समोरून मारला की चेहरे पुरीसारखे सपाट आणि मागे भिंतीवर काळ्या सावल्या. मग कोणी म्हणालं, भिंतीवर मारून परतवायचा. ते करून बघितलं जित्याला, एका घरी. सणाचा ताजा रंग दिला होता, पोपटी. सगळं कुटुंब पोपटी आलं. त्या घरची म्हातारी म्हणाली, वनिता, आम्हाला कावीळ झाली काय गो?

शेवटी हिशोब असा बसला: दोन छोटे फ्लॅश, हाताने कमी-जास्त करायचे, दोन हलके स्टँड, दोन पांढऱ्या छत्र्या, कॅमेऱ्यावरून इशारा देणारा ट्रिगर, आणि चार्ज होणारे सेल. छत्रीतून लाईट मऊ पडतो. एक डावीकडे, एक उजवीकडे, अर्धी माणसं याच्यात, अर्धी त्याच्यात. स्टँड जरा लांब ठेवायचे, नायतर फोटोत पुढच्या रांगेतली पांढरी लुगडी जळतात आणि मागची पोरं काळवंडतात. पेणच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरने सगळा संच मला जुना दिला. तो कंपनीत शिफ्टला लागला होता. म्हणाला, ताई, तुम्ही आता या धंद्यात येताय? मी तर सुटलो.

हलके स्टँड छत्रीसकट पडतात, पायाला वजन बांधावं लागतं. हे म्हणाले, वाळूच्या पिशव्या शीव. मी म्हटलं, वाळू कुठून आणू, माहेरचं खडा मीठ घरात पडलंय. मांजरपाटाच्या दोन पिशव्या शिवल्या आणि भरल्या मिठाने. मला त्याचं कौतुकच वाटत होतं. उन्हाळाभर लग्नघरांतून, पूजेच्या घरांतून वापरल्या, काही झालं नाय. मिठागरावर जन्मलेली बाई मी. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे पाळण्यात असल्यापासून माहीत असलेली. पण ते मीठ मी मीठ म्हणून बघतच नव्हते ना, वजन म्हणून बघत होते.

आता बाळ्याचं. सात वर्षांपूर्वी त्याने गणपती वेगळा केला. आमच्याकडे चूल वेगळी झाली तर माणसं बोलतात तरी, गणपती वेगळा झाला की संपलं. दादा म्हणाला, मोठ्या घरचा देव सोडून गेला तो. बाळ्या म्हणाला, आरतीचं ताट कधी माझ्या हातात दिलं नाय, मग मी माझा देव आणला, चुकलं काय? तेव्हापासून त्याने त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. यंदा आयेने निरोप धाडला, तिला पायरी उतरवत नाय, तू ये. तो मला फोनवर म्हणाला, तायडे, येतो, उभा राहतो, फोटो काढलास की निघतो, पाणीसुद्धा प्यायचा नाय. मी म्हटलं, पाणी नको पिऊ, पण ये.

निघताना मी यादीवर खुणा केल्या. सेल भरलेले, खूण. दोन्ही फ्लॅश चालू करून बघितले, खूण. डाव्या फ्लॅशची पिशवी धड होती. उजव्याच्या पिशवीची चेन तुटलेली, म्हणून तो टॉवेलात गुंडाळून मोठ्या झोल्यात ठेवला, मिठाच्या पिशवीला टेकून. ती शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ नुसता पाऊस. रोह्याहून गाडीने पेण, पेणहून रिक्षा. झोला खालून ओला झाला होता, मला वाटलं पावसाने.

बाळ्या आला तो आतच येईना, दारात उभा. चपलासुद्धा काढेना. मी घाई केली. एरवी माणसं उभी करायच्या आधी दोन्ही लाईट एकदा मारून बघते, तो नेम आहे माझा. त्या दिवशी छत्री लावली, उजव्या फ्लॅशचा लाल दिवा लागलेला दिसला, पुढे गेले. दिवा लागणं वेगळं आणि लाईट पडणं वेगळं, हे दुसऱ्या कोणी मला शिकवायला नको होतं. सगळे उभे राहिले. बाळ्याने आयेच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. दादाने बघितलं आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं. मी बटण दाबलं.

पहिला फोटो अंदाज घ्यायचा असतो. तेवढा एकच झाला. दादाचे जावईबापू हौशी, पळत आले स्क्रीन बघायला आणि मोठ्याने हसले. म्हणाले, बाळ्याकाका, तुम्ही तर भुतासारखे दिसताय! आये, दादा, डावीकडची सगळी लख्ख. उजवीकडे तिघं काळी. बाळ्या आला, त्याने बघितलं. म्हणाला, बरोबर हाय. या घरात माझ्यावर उजेड पडायचाच नाय. मी म्हटलं, अरे, फ्लॅश गेलाय, थांब, पाच मिनिटं. तो म्हणाला, माझ्याच बाजूचा कसा गेला गो? दादा तिकडून, त्याला म्हणावं त्याच्या गणपतीपुढे रोषणाई दांडगी हाय, तिथे काढून घे. वहिनीने दादाला चिमटा काढला, पण तोंडातून गेलं ते गेलं.

मी डावा स्टँड उचलून मध्ये आणला, एका लाईटवर होत होतं, चांगलं होत होतं, मी मागे वळले तर ती तिघं अंगणात. सुनीता एकदा वळून बघत होती. आये खुर्चीत तशीच ताठ, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. मला विचारते, झाला काय गो फोटू? मी म्हटलं, व्हय आये, झाला.

संध्याकाळी उजव्या फ्लॅशचं सेलचं झाकण उघडलं. आत खारं पाणी, पट्ट्यांवर हिरवं आणि कडेने पांढरी खपली, बाबांच्या हातावर असायची तश्शी.

मी सोडून दिलं नाय. दुसरा जुना फ्लॅश मिळवला. पिशव्यांमधलं मीठ काढून वाळू भरली. त्या दिवसाची उंची, अंतर, सगळं वहीत आहे. बाळ्याला फोन केला, म्हटलं, तुझ्या घरी येते, तुमच्या तिघांचा फोटो तुझ्या भिंतीसमोर काढते आणि त्या काळ्या जागेत बसवते, कोणाला कळणार नाय. तो म्हणाला, मला कापून चिकटवणार? मी काय पोष्टाचं तिकीट हाय? दिवाळीला परत फोन केला, त्याने उचलला नाय. दादाला सांगितलं, तू एक फोन कर. तो म्हणतो, आहे तसाच लाव की, आकार तर दिसतोय.

आये आता अंथरुणावरच आहे. मी गेले की एकच विचारायची, फोटू धुवून आला काय? तिला अजून फोटो धुतात असंच वाटतं. मी सांगायची, पाऊस हाय आये, सुकत नाय. दिवाळीपर्यंत ते चाललं. आता मार्गशीर्ष लागला, बाहेर कडकडीत ऊन आहे, आणि ती खिडकीतून त्या उन्हाकडे बघते नि मग माझ्याकडे. काही विचारत नाय आता. ती विचारत होती ते बरं होतं.

वहिनी म्हणते, तिला दिसतंय कुठे, कुठलाही दाखव. ह्यांचं म्हणणं, बाळ्याच्या लग्नातला चेहरा घेऊन बसव. बसवला असता, पण लग्नातला लाईट समोरून मारलेला आहे, तो जुळत नाय. आयेला कळणार नाय कदाचित. मला दिसत राहील.

माझी जागासुद्धा तशीच रिकामी आहे. ती मला आज दुपारीसुद्धा भरता येईल, स्टँड लावायचा नि उभं राहायचं. पण हजेरीत माझं नाव शेवटचं, आधी त्याचं.

हे वहीचं पान बघा. फ्लॅश, खूण. वाळू, खूण. सेल, खूण. आणि खाली, बाळ्या, सुनीता, मुलगी, लाईट उजवीकडून, स्टँड सहा फूट, अंतर आठ फूट. इथे खूण नाय.